रेडा, मांजर आणि माझा भाचा

आळेफाटा ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-नगर रस्ता एकमेकांना जिथे छेदतात तिथे एस्टी थांबते, कंडक्टर "दहा मिनिटं" असं ओरडतो आणि पंचवीस मिनिटांनी मिशी पुसत परत येतो. त्या पंचवीस मिनिटांत कितीतरी पिढ्यांनी वडापाव खाल्ले, गाड्या चुकवल्या आणि चुकीच्या गाडीत बसून ओतूरला पोचल्या. पण ज्या गावाचा हा फाटा आहे ते आळे पाहिलंय का, असं विचारा. "म्हणजे फाटाच ना?" असं उत्तर येतं. गाव बिचारं आत बसलेलं. ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी गावाने सांभाळली, नाव फाट्याचं झालं.

"मामा, आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे," असं माझा भाचा म्हणतो. त्याचा धंदा जैवतंत्रज्ञानाचा. पुण्यात एका प्रयोगशाळेत तो बुरशी वाढवतो. आक्काच्या मते बुरशी वाढवायला पुण्याला जायची काही गरज नव्हती. पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीत ती आपसूक वाढते, आणि तिला पीएच.डी. लागत नाही.

गेल्या भाऊबीजेला आळ्याला आक्काकडे गेलो. ओवाळणं झालं, ताटात करंजी पडली, आणि आक्का आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या भाच्याचं आठ झालंय."

"काय आठ?"

"ते एच का काय असतं ना, ते. फोनवर सांगत होता. हसत सांगत होता, येडा!"

दाजींनी कपाळाला हात लावला. "माझं साडेसात आलं तर डॉक्टरांनी भात बंद केला. ह्याचं बत्तिसाव्या वर्षी आठ!"

दोन दिवस भाच्याच्या ताटात फराळाऐवजी मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी पडत होती. चिवड्याचा डबा त्याला पाहून माळ्यावर जात होता. त्यानेही का म्हणून विचारलं नव्हतं. कारण न कळता नकार पचवायची सवय त्याला झालेली आहे, ती संपादकांनी लावली.

शेवटी मीच विचारलं. तेव्हा उलगडा झाला, की आठ झाली ती साखर नव्हे, एच-इंडेक्स. भाच्याने तीन करंज्या एका दमात खाल्ल्या आणि मगच तो समजावून सांगायला बसला.

"समजा मी सात शोधनिबंध लिहिले. पहिल्याचा उल्लेख दुसऱ्या लोकांनी आपापल्या निबंधांत चाळीस वेळा केला, दुसऱ्याचा बारा वेळा, मग सात, पाच, पाच, दोन, एक. आता असे किती निबंध आहेत, की ज्यांचा उल्लेख निदान तेवढ्याच वेळा झालाय? पाच निबंध पाच-पाच वेळा तरी उल्लेखलेले आहेत. म्हणून माझा एच-इंडेक्स पाच. हिर्श नावाच्या सान दिएगोच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली ही युक्ती काढली."

"आणि ते चाळीस?" दाजींनी विचारलं.

"चाळीसचे चार हजार झाले तरी पाचच."

दाजी कांद्याचे शेतकरी. एका वर्षी सोन्याचा भाव मिळाला म्हणजे माणूस श्रीमंत होत नाही, हे त्यांना हिर्शच्या कितीतरी आधी कळलेलं आहे. त्यांनी मान डोलावली. पण खरी समजली ती आक्काला. ती उठली, कपाटातून लांबट लाल वही काढून आणली आणि भाच्यासमोर ठेवली. "म्हणजे आहेराची वही. एवढं सरळ सांगायला काय जातंय?"

मला वाटतं, जगातल्या उल्लेखशास्त्राचा याहून चांगला ग्रंथ नसेल. कुणी एकावन्न दिले, कुणी एकशेएक, कुणी टॉवेल-टोपी. समोर फेडल्याची खूण. आपण त्यांच्या कार्याला गेलो, ते आपल्या कार्याला आले. एका विषयातल्या वीस-पंचवीस जणांचंही असंच चालतं. तू मला उल्लेख, मी तुला उल्लेखतो. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापतात आणि दारात वही उघडून माणूस बसवतात, तसं निबंधाच्या तळाशी 'हितसंबंधांचा संघर्ष नाही' असं छापतात.

"आणि आपल्याच लग्नात आपणच आहेर केला तर?" आक्काने विचारलं.

"करतात की. त्याला सेल्फ-सायटेशन म्हणतात."

"लाज नाही वाटत?"

भाचा करंजीकडे पाहत राहिला. त्यानेही थोडा केलेला असावा.

या वहीत एका लेमन सेटची कथा आहे. सहा ग्लास आणि एक जग, गुलाबी कागदात बांधलेला. तो आक्काच्या नणंदेच्या लग्नात आला, तिथून तसाच पुतणीच्या लग्नाला गेला, तिथून राजुरीला, तिथून बेल्ह्याला, आणि बारा-चौदा वर्षांनी भाच्याच्या चुलतभावाच्या लग्नात परत आला. कागद तोच, त्यावरचं मूळ नाव खोडून वर वर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा थर. या वेळी आक्काने तो उघडला. आत पाच ग्लास होते. सहावा कधी होता की नव्हता, हे सांगायला कुणी उरलेलं नाही, कारण मधल्या काळात तो उघडलाच नव्हता कुणी.

भाचा टाळी देत म्हणाला, "हेच! सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी 2003 साली हेच पकडलं. संदर्भयादीत एखाद्याने पान क्रमांक चुकीचा टाकला, की तीच चूक पुढच्या कितीतरी निबंधांत जशीच्या तशी उतरते. म्हणजे लोक मूळ निबंध उघडत नाहीत, दुसऱ्याची यादी उतरवून घेतात. त्यावरून त्यांनी अंदाज काढला, की उल्लेख करणाऱ्या पाचांतल्या एकानेच मूळ निबंध वाचलेला असावा."

"तुझा वाचलाय का कुणी?" मी विचारलं.

"सर्वांत गाजलेल्या निबंधाचे सदतीस उल्लेख आहेत, मामा. मी त्यात लिहिलंय, की ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणि आम्ही तपासलेलं बुरशीनाशक एकत्र देऊ नये. सदतीसांतले अकरा जण म्हणतात, एकत्र द्यावं. आणि पुरावा म्हणून कंसात माझं नाव देतात."

"मग ते अकरा वजा होतात का?"

"नाही. मोजताना शिवीही उल्लेखच."

इथे दाजींना रस वाटू लागला. बाजाराचा विषय निघाला की त्यांना वाटतोच. त्यांनी विचारलं, की निबंध विकायचा कुठे? भाचा म्हणाला, विकायचा नाही, उलट कधी कधी आपणच पैसे भरायचे. दाजी म्हणाले, मग कांद्यासारखंच आहे, पुढे बोल.

या उल्लेख मोजण्याचं मूळ फिलाडेल्फियात आहे. युजीन गारफील्ड नावाच्या गृहस्थांनी 1955 साली कल्पना मांडली, की कोणत्या निबंधात कोणाचा उल्लेख आहे याची सूची करावी, म्हणजे एक धागा धरून पुढचं-मागचं सगळं संशोधन सापडेल. 1964 पासून त्यांची सूची निघू लागली. त्यातून इम्पॅक्ट फॅक्टर आला. मागच्या दोन वर्षांत एखाद्या नियतकालिकात आलेल्या निबंधांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढाच त्याचा अर्थ. कोणती नियतकालिकं सूचीत घ्यावीत ते ठरवायला हा आकडा होता. पुढे त्याने माणसं ठरवायला सुरुवात केली. म्हणजे काढला होता गोणी मोजायचा काटा, आणि उभा राहिला त्यावर शेतकरी.

"आता नियतकालिकांची चार भागांत प्रतवारी असते," भाचा सांगत होता. "क्यू-वन, क्यू-टू, क्यू-थ्री, क्यू-फोर."

"गोळा, दोन नंबर, गोल्टी, बदला," दाजी म्हणाले. "तुझा कशात गेला?"

"दोन गोळ्यात. बाकी गोल्टी."

"बदला?"

"एक," भाचा पुटपुटला. "नवीन होतो तेव्हा."

बदल्याच्या खालीही एक बाजार आहे. 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुकीला आणि बढतीला गुण लावले, निबंधालाही गुण आले, आणि पावसानंतर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशी 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकं उगवली. भाच्याला रोज पहाटे त्यांचं पत्र येतं. "आदरणीय थोर विद्वान, आपल्या अमूल्य लेखनाने आम्ही भारावून गेलो आहोत." गेल्या महिन्यात असंच भारावून जाऊन कुणीतरी त्याला दंतवैद्यकाच्या परिषदेत बीजभाषणाला बोलावलं. नोंदणी शुल्क त्यानेच भरायचं होतं. एवढ्या आदराने त्याला आळ्यातसुद्धा कुणी हाक मारत नाही.

निबंधावर नावं कुणाची, हा तर महाभारताचा विषय. पहिलं नाव ज्याने रात्री जागवल्या त्याचं, शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, आणि मधली? मधल्या नावांसाठी फाट्यावरच्या चौकात उभं राहून वर पाहावं. फ्लेक्सवर वाढदिवस एकाचा असतो, वरच्या पट्टीत आशीर्वाद देणारे नेते, आणि खाली टपाल तिकिटाएवढ्या चौकटींतून डोकावणारे पन्नास शुभेच्छुक. त्यांनी काय केलं असं कुणी विचारत नाही. त्यांचा फोटो गाळला तर मात्र काय होईल हे सगळ्यांना ठाऊक असतं. हिग्ज कणाच्या वस्तुमानावर 2015 साली एक निबंध आला, त्याला 5,154 लेखक होते. पानं तेहेतीस, नऊ पानांत विज्ञान, चोवीस पानांत शुभेच्छुक.

आपण जुन्नर तालुक्यातल्या लोकांनी या गोष्टीला हसू नये. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, दोन हजार वर्षांचा. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून गाई किती दिल्या, घोडे किती, कार्षापण किती, सगळं आकड्यांसकट. आपल्याकडच्या अंकांचा इतका जुना नमुना क्वचित सापडतो म्हणून विद्वान त्यापुढे हात जोडतात; मला मात्र तो बढतीसाठी भरलेला अर्ज वाटतो. मागच्या भिंतीवर घराण्यातल्या मंडळींच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं. आता मूर्ती नाहीत. खाली पायांच्या खुणा राहिल्यात आणि वर नावं. कोणत्याही निबंधाचं दोन हजार वर्षांनी याहून जास्त काही उरेल असं वाटत नाही.

भाच्याची श्रद्धा मात्र एका वेगळ्याच निबंधावर आहे. तो 1990 सालचा, 'नेचर'मधला, अवघा दोन पानांचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या रजनी नाडगौडा, पाराशरामी आणि मास्करेन्हस या तिघांनी बांबूची रोपं बाटलीत वाढवली आणि ती तिथेच काही महिन्यांत फुलवून दाखवली. जो बांबू रानात फुलायला पिढी घेतो, तो काचेच्या बाटलीत फुलला. हे सांगताना भाच्याचा आवाज बदलतो. दाजींचाही बदलला. ते म्हणाले, "बांबू फुलला की उंदीर वाढतात आणि दुष्काळ पडतो. बाटलीचं झाकण लावलं होतं ना?"

आणि सर्वांत जास्त उल्लेख कुणाचे, असं विचारलंत तर उत्तर ऐकून निराशा होईल. डीएनएच्या जिन्याचा वॉटसन-क्रिकचा निबंध पहिल्या शंभरांतही नव्हता, असं 'नेचर'ने 2014 साली यादी काढली तेव्हा दिसलं. पहिला आला ऑलिव्हर लौरीचा 1951 चा निबंध; द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजायचं कसं, एवढंच त्यात सांगितलंय. तीन लाखांवर उल्लेख! गावात धान्य कुणी पिकवलं हे कुणी सांगत नाही, पण पायली कुणाच्या घरून आणली ते सगळ्यांना माहीत असतं, तसं हे.

दुपारी ऊन उतरल्यावर आम्ही रेड्याच्या समाधीला गेलो. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा, भावंडांबरोबर परत येताना आळ्यात त्याने देह ठेवला अशी कथा आहे. दिवाळीच्या दिवसांतली दुपार, गर्दी नव्हती. भाचा समाधीपुढे बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, बढतीसाठी मागणं मागत असेल.

बाहेर आल्यावर म्हणाला, "मामा, हे प्रकरण पहिल्यापासून बघा. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने सांगितलं, आम्ही काही ठरवत नाही, पैठणहून शुद्धिपत्र आणा. म्हणजे संपादकाने निबंध परीक्षकांकडे पाठवला. पोरं पायी पैठणला गेली. परीक्षकांनी मूळ मजकूर बाजूला ठेवून विचारलं, की तुमच्यात आणि या रेड्यात फरक काय? परीक्षक क्रमांक दोन नेहमी असंच विचारतो. मग जादा प्रयोग करावा लागला. तो यशस्वी झाल्यावर शुद्धिपत्र मिळालं, किरकोळ दुरुस्त्यांसह."

"आणि रेड्याला काय मिळालं?"

"समाधी. आमच्याकडे तेवढंही मिळत नाही. आमच्या प्रयोगातला उंदीर आभाराच्या परिच्छेदातसुद्धा नसतो."

मी म्हटलं, रेड्याने जे म्हटलं ते त्याला कळलं होतं का, हा प्रश्न उरतोच. भाचा म्हणाला, तो उल्लेख करणाऱ्या सगळ्यांच्याच बाबतीत उरतो. रेड्याने निदान मंत्र चुकवला नाही.

जनावरांचा विषय निघाला तेव्हा त्याने मांजरांच्या गोष्टी सांगितल्या, आणि त्या खऱ्या आहेत. 1975 साली अमेरिकेत हेदरिंग्टन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने निबंध लिहिला, पण सगळीकडे 'आम्ही' लिहून बसला. एकट्या लेखकाने 'आम्ही' लिहिलेलं चालणार नाही असं कुणीतरी सांगितलं. तेव्हा टाइपरायटर होते. सगळा निबंध पुन्हा टाइप करण्यापेक्षा त्याने आपल्या सयामी बोक्याला सहलेखक केलं. एफ. डी. सी. विलार्ड या नावाने निबंध छापून आला. पुढे काही प्रतींवर बोक्याने पंजाचा ठसाही दिला. दुसरं मांजर 2024 सालचं. दोन संशोधकांना उल्लेख विकणाऱ्यांची जाहिरात दिसली. त्यांनी त्यातल्या एकाच्या आजीचा बोका, नाव लॅरी, त्याच्या नावाने बारा निरर्थक गणिती निबंध तयार केले, त्यांचा उल्लेख करणारे आणखी निरर्थक निबंध केले आणि सगळं इंटरनेटवर टाकलं. थोड्याच दिवसांत गूगल स्कॉलरच्या हिशेबात लॅरीला शंभराहून जास्त उल्लेख झाले.

"त्याचा एच-इंडेक्स किती?" मी विचारलं.

"ते नका विचारू," भाचा म्हणाला. "माझ्यापेक्षा जास्त."

संध्याकाळी निघायच्या आधी भाच्याच्या चुलतभावाच्या शेतावर चक्कर झाली. उन्हाळी कांद्याचं रोप टाकलेलं होतं आणि गादीवाफ्यावर जागोजाग मर लागलेली होती. भाचा उकिडवा बसला, दोन रोपं उपटून मुळं पाहिली आणि पुण्यात कधी बोलत नाही इतकं सरळ बोलला. ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात मिसळ, ओलसर ठेव, सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर झाक, मग वाफ्यावर टाक. आणि बुरशीनाशकाबरोबर मुळीच देऊ नको. ही पण बुरशीच आहे, मरून जाईल. दोन्हींत पंधरा दिवस जाऊ दे. चुलतभावाने मान हलवली आणि लगेच फोन काढून कुणाकुणाला ते सांगायला लागला.

भाचा माझ्याकडे पाहून म्हणाला, "हा उल्लेख कुठे धरत नाहीत, मामा." मग स्वतःच म्हणाला, "तसा कुरोसावाचाही कुणी धरत नाही." मला वाटलं, सिनेमावाला. तर हा दुसरा. भाताची रोपं उगाच उंच वाढून मरतात, ती एका बुरशीने सोडलेल्या रसामुळे, हे त्या जपान्याने 1926 साली दाखवलं. त्या रसातून पुढे जिबरेलिन सापडलं. नारायणगावच्या बागांत द्राक्षाचे घड जीएच्या पाण्यात बुडवून मणी फुगवतात, तो जीए म्हणजे तेच. हजारो एकर बुडवून झाले; बागेतल्या माणसाला विचारलं, हे कुणी सांगितलं, तर तो कृषी सेवा केंद्रवाल्याचं नाव घेतो.

फाट्यावर आलो तेव्हा दिवे लागले होते. पुण्याची गाडी यायची होती. बाकावर आमच्या शेजारी टोपी घातलेला एक गृहस्थ चहा बशीत ओतून पीत होता आणि समोरच्याला समजावत होता.

"रोपाला मर लागली ना? तो ट्रायकोडर्मा आण. आणि तसाच टाकू नको, बुरशीनाशकात मिसळून टाक. दोन्ही एका पंपात. डबल काम करतं."

भाचा ताठ झाला. म्हणाला, "काका, तसं करू नका. मिसळलं तर ट्रायकोडर्मा मरतो."

गृहस्थाने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. चकचकीत बूट, पाठीला लॅपटॉपची पिशवी. "तुम्ही शेती करता?"

"नाही."

"मंग? आवो, हे मी नाही सांगत. आळ्याचा एक पोरगा आहे पुण्याला, मोठा शास्त्रज्ञ. त्याने शोध लावलाय हा. आत्ताच फोन आला आमच्या पाहुण्याचा. वळखता का त्याला?"

भाच्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडलं. "तोंडओळख आहे," तो म्हणाला.

गाडी लागली. मी पिशवी वर देताना तो खिडकीशी आला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "मामा, अडतीस झाले."